चार बोटं फिरवलेली अँटेना

३ फेब्रुवारी

भोंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील असं धरून लिहिते. फाडलं असशील तर तुकडे निदान डब्यात टाक, लहानपणी टाकायचास तसे पलंगाखाली नकोत.

फोन केला असता, पण फोनवर मला खोटं बोलायची सवय लागली आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत असते, "निघालेच, पाच मिनिटांत पोचते," आणि तेव्हा मी तिसऱ्याच गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर पाना शोधत असते. कागदावर तसं करता येत नाही म्हणतात. बघू.

टीव्हीवर बातम्या तू वाचतोस, पण ही मी सांगते. एक मार्चपासून आमच्या भागात नवी टीव्ही सेवा सुरू होतेय. डिजिटल, आणि फुकट. एकदा डबा आणून टीव्हीला जोडला की झालं, महिन्याला काही भरायचं नाही. त्याच संध्याकाळी सहा वाजता जुनं प्रसारण कायमचं बंद. ज्याच्याकडे डबा नाही त्याच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. इथल्या तीनशे घरांत डबे बसवायचं काम मला मिळालंय. यादीत एकशे त्र्याऐंशीव्या नंबरला आपलं घर आहे.

आपल्याकडे तुमचं चॅनेल कधी धड आलंच नाही. मधे टेकडी आडवी येते ना. तू तेव्हा पत्र पाठवलं होतंस, त्याचं उत्तर कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. पण नव्या सेवेत सगळी चॅनेलं एकाच मोळीत बांधून येतात. घेतली तर सगळी, नाहीतर एकही नाही. एखादं नको म्हणून बाजूला काढता येत नाही. म्हणजे एक तारखेला सात वाजता तू आपल्या बाहेरच्या खोलीत दिसणार.

आई बरी आहे, डोळे सोडून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं, आणि उरलंय तेही वर्षभरात जाईल. ऑपरेशनने सुधारण्यातलं नाही. हातभर अंतरावरचं माणूस अजून चेहऱ्यावरून ओळखते, त्यापलीकडचं आवाजावरून. तरी हट्ट तसाच आहे. रोज पावणेसातला खाली शिंपीणबाईकडे बटणं लावायला जाते. मी म्हटलं, तुला सुईचं नाक दिसत नाही, बटणं कसली लावतेस? तर म्हणाली, बटणाला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. मी आठला कामावरून येते तेव्हा ती वर येऊन बसलेली असते.

तर विनंती अशी. तुला एकदम समोर बघून तिला धक्का बसेल. एक तारखेला तू सुट्टी घेशील का? आठवडाभराची घेतलीस तर उत्तम. तेवढ्यात मी तिला हळूहळू सांगते.

ताई


१४ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. रोज अर्धा तास न थांबता बोलणारा माणूस इतकं कमी लिहितो!

"सुट्टी मिळणार नाही. आमच्या इंजिनिअरला विचारलं, तुमच्या गल्लीत आमचं चित्र पहिल्या दिवसापासून स्वच्छ येतं, टेकडी उत्तरेला आहे. आईने कोट पाहिला आणि फोन केला नाही, हे मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं. पुन्हा लिहू नकोस."

टेकडी उत्तरेला आहे. तुमचा टॉवर पूर्वेला. बावीस वर्षं अँटेना लावणाऱ्या बाईला दिशांवरून पकडलं, तुझ्या इंजिनिअरला माझा सलाम सांग.

पुन्हा लिहू नकोस म्हणालास, तरी लिहावंच लागेल, कारण तुला जे कळलं असं वाटतंय ते खोटं आहे. आईने फोन केला नाही, कारण तुझं ते पत्र मी तिला दिलंच नाही. ते माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाला आहे. आज काढून वाचलं. "बारा मार्चला, बाबांच्या दिवशी, बाबांनी मला दिलेला त्यांचा राखाडी कोट घालून बातम्या वाचीन. आईने बघावं. तिचा राग गेला असेल तर एक फोन करावा. नाही केला तर मी समजेन." घडीवर गंज उतरलाय, अक्षर शाबूत आहे.

बाबा गेले त्याला या बाराला दहा वर्षं होतील. तेव्हा तुझी आवाजाची चाचणी होती आणि तू तिसऱ्या दिवशी पोचलास. दारात मी होते. "आता कशाला आलास?" हे मी म्हटलं, आईने नाही. ती आतल्या खोलीत होती, तिला कुणी आलं हेही कळलं नव्हतं. तू बॅग खाली न ठेवता जिना उतरलास, आणि मला वाटलं, वळून येईल. तू आला नाहीस आणि मी हाक मारली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तू टीव्हीवर आलास. आईने तुला अकरा दिवस पाहिलं. अकराही दिवस स्टूल पडद्याला टेकवून बसायची, जेवणावर लक्ष नाही, झोप नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तो भलताच वाढलेला. म्हणून मी अँटेना पूर्वेकडून फिरवली आणि तिला सांगितलं की तुमचं चॅनेल आता इथे येत नाही. काही दिवस तिने विचारलं, मग विचारायचं सोडलं. तिच्या तब्येतीसाठी केलं मी ते.

सुट्टी मागितली ती मला धक्का बसू नये म्हणून, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. एक तारखेला तू दिसलास की ती विचारणार, आज कसा आला? आणि मला उत्तर द्यावं लागणार.

ताई


१५ फेब्रुवारी

भोंग्या,

कालचं पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत जिवाला चैन पडली नाही. त्यात शेवटचं लिहिलं ते अर्धंच आहे. रक्तदाब वाढला होता हे खरं. पण तो मोजला अँटेना फिरवल्यानंतर चार दिवसांनी.

झालं ते असं. अकराव्या दिवशी वारा सुटला आणि अँटेना हलली. सात वाजायला दहा मिनिटं होती. आई म्हणाली, अगं, बघ ना जरा, दोन-दोन दिसतंय. मी गच्चीवर गेले, ती खिडकीपाशी उभी राहिली. आपलं नेहमीचंच.

मी वरून, "आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"दोन भोंगे दिसतायत! अजून थोडं!"

"आता?"

"आलं! आलं ग! आता हात लावू नकोस!"

त्या आवाजाचं कसं सांगू तुला. बाबा गेल्यापासून तिने कुणाला नीट हाक मारली नव्हती. आणि तसा आवाज माझ्यासाठी तर तिने जन्मात काढला नव्हता. बाबांना तीन वर्षं मी उठवलं, बसवलं, पुसलं. दिवसभर गच्च्या चढायच्या आणि घरी येऊन त्यांची चादर बदलायची. एकदा तरी तिने विचारावं, दमलीस का? नाही. आणि तू खोक्यात बसून उद्याचं तापमान सांगितलंस की हिच्या अंगात जीव येतो! मी हातात पाना घेऊन वर उभी होते आणि मला तुझा इतका राग आला की डोळ्यांपुढे दिसेना. तुझा आला की तिचा, ते अजून ठरवता येत नाही.

मी नट सैल केला, पाइप चार बोटं फिरवला आणि नट पुन्हा आवळला. चांगला आवळला, जोर लावून.

खालून हाक आली, "गेलं ग! होतं तिथेच आण!"

मी म्हटलं, "येत नाही आता."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं काम लोकांच्या घरी चित्र आणायचं आहे, आणि मी ते येऊ दिलं नाही. नंतर तिच्या डोळ्यांचं सुरू झालं तेव्हा मनात पहिल्यांदा हेच आलं, की तिला दिसत होतं ती सगळी वर्षं मी खाल्ली. आता डबा लावून उपयोग काय? पडदा तिला धुरकटच दिसणार.

म्हणून सुट्टीचं मागणं परत घेते. तू एक तारखेला वाच. मी तिला सांगणार आहे. आणि तू ये, हातभर अंतरावर, वर्ष सरायच्या आत. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मी त्या दिवशी कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन बसेन, मला काय, पन्नास गच्च्या आहेत.

ताई


२ मार्च

भोंग्या,

काल सेवा सुरू झाली. सांगण्यासारखं बरंच आहे, नीट वाच, मधलं गाळू नकोस.

संध्याकाळी साडेपाचला सभागृहात उद्घाटन होतं. साहेबांनी आम्हा डबे लावणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं, सगळ्यांना सारख्या निळ्या टोप्या. पाहुण्यांनी सहाच्या ठोक्याला रिमोट दाबला, भल्यामोठ्या पडद्यावर तेच पाहुणे भाषण करताना दिसले, आणि तिसऱ्या वाक्याला चित्राचे चौकोन चौकोन होऊन तोंड उघडं ते उघडंच राहिलं. डिजिटलचं तसंच असतं. जुन्यात मुंग्या यायच्या तरी माणूस मागे दिसायचा, यात एकदम स्वच्छ नाहीतर एकदम गायब. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे जाऊन केबल घट्ट बसवली. टाळ्या पाहुण्यांना मिळाल्या.

तिथून धावत घरी. दोनशे नव्याण्णव घरं झाली होती, आपलं मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. गच्चीवर नवी अँटेना लावली, केबल खिडकीतून आत घेतली, डबा जोडला. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, हिरव्या झाल्या की काम झालं. वर-खाली ओरडायची गरज उरलेली नाही. तरी आई खिडकीपाशी उभी होती.

सात वाजायला पंधरा मिनिटं असताना तिने चपला शोधायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "आई, आज खाली जाऊ नकोस."

"का ग?"

"आज इथे भोंग्या लागणार आहे."

ती एक चप्पल घालून थांबली. मग ती काढली, खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं. आज जिना वाचला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

भोंग्या, ती रोज शिंपीणबाईकडे तुला बघायला जायची. नऊ वर्षं! मी अँटेना फिरवली त्याच आठवड्यात शिंपीणबाईने तिला जिन्यात विचारलं होतं, "तुमचा मुलगा आमच्याकडे लागतो, तुमच्याकडे नाही का लागत? दोन्ही अँटेना तर तुमच्या मुलीनेच लावल्यात." तिचीही खरंच मीच लावली होती, त्याच गच्चीवर, आपल्या अँटेनेपासून सहा पावलांवर, तोंड सरळ पूर्वेला. दर काही महिन्यांनी मी तिच्या अँटेनेच्या काड्या पुसून यायचे. गिऱ्हाइकाचं काम चोख. नऊ वर्षांत एकदा माझ्या डोक्यात आलं नाही की त्या केबलचं दुसरं टोक कुठल्या खोलीत जातं आणि तिथे कोण बसतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी स्वतःला शहाणी समजत होते.

मी तिला सगळं सांगितलं. पत्राचं, कोटाचं, चार बोटांचं. रडत रडतच सांगितलं, लपवत नाही.

ती म्हणाली, "तू फिरवलीस ते मला तेव्हाच कळलं. मी आलं म्हटलं आणि तू फिरवलीस. आवाज येतो ना पाइपाचा खाली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बाबांचं सगळं तू केलंस. मला तेव्हा सुचत नव्हतं तुला दोन शब्द बोलायला. वाटलं, चिडली आहे, उतरेल चार दिवसांनी. नाही उतरला राग. मग म्हटलं जाऊ दे, एक जिनाच तर उतरायचा."

"आणि त्याला फोन?"

"त्याने फोन मागितला होता हे मला कुठे ठाऊक? मला वाटलं, दर वर्षी कोट घालतो, म्हणजे विसरला नाही. त्याचं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी. पत्र तरी द्यायचं होतंस ग."

एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सात वाजले. तू आलास. मी तुला नऊ वर्षांनी पाहत होते, आणि नवं चित्र इतकं लख्ख की कानामागची सुरकुतीसुद्धा दिसते. आईने खुर्ची पुढे ओढली, मान तिरपी केली, कडेच्या दिसण्याने तुला पकडायला बघितलं. मग मागे टेकली.

"मधे सगळं धुरकट आहे. तू सांग."

"काय सांगू?"

"केस पिकलेत का?"

"कानशिलावर. वर काळेच आहेत."

"रंगवतो वाटतं. वाळलाय?"

"नाही. गाल भरलेत."

"डोळ्यांखाली?"

"काळं आहे थोडं."

असं अर्धा तास. जगात काय काय झालं ते तू सांगत होतास आणि तू कसा दिसतोस ते मी सांगत होते. तू एकदा पाणी प्यायलास, तेही सांगितलं. तुझ्याबद्दल इतकं बोलायची पाळी माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. मला तू आवडतोस रे. हे लिहून टाकते, पुन्हा म्हणेन की नाही ठाऊक नाही.

तू आता सगळं जाणतोस. ती तुझी वाट बघतेय, आणि तिच्याकडे वेळ थोडा आहे. फोन नंबर तोच आहे, पण तुझा आवाज ती रोजच ऐकते. तिला चेहरा हवाय.

ताई


८ मार्च

भोंग्या,

या वेळी दोनच ओळी! "बाराला संध्याकाळी पाचच्या बसने पोचतो. त्या दिवसाच्या बातम्या दुसरं कुणी वाचेल." अखेर सुट्टी घेतलीस म्हणायची. तू लिहिलं नाहीस तरी सांगते, मी गच्चीवर जाऊन बसणार नाही. स्टँडवर येते. निळी टोपी घालून येते, म्हणजे ओळखायला अडचण नको.

आईला तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाली, "मग सातला कोण वाचणार?" तुमच्या चॅनेलची काळजी तिला तुझ्यापेक्षा जास्त आहे.

काल तिने मला जुनी अँटेना उतरवायला लावली. आता तिचा उपयोग नाही, पण ती मी आपण होऊन काढली नसती. नट गंजून पाइपाला चिकटलेला, पाना फिरेना. मीच आवळलेला, दोष कुणाला देणार? शेवटी कानशीने घासायला बसले. खिडकीतून आईची हाक, "निघालं का ग?"

"नाही!"

"आता?"

"नाही ग!"

अर्ध्या तासाने निघालं. मी खाली आले तर तिने पाणी भरून ठेवलं होतं. पेला माझ्या हातात देताना विचारलं, "दमलीस?" मी हो म्हटलं.

घराची माहिती देऊन ठेवते. दारावरची बेल बंद आहे, खालूनच हाक मार, भोंगा आहेस ते कधी कामाला येणार? जिन्याची चौथी पायरी तुटली आहे, सांभाळ. आईच्या समोर उजेडाकडे तोंड करून बस आणि ती हात लावेल तेव्हा मान हलवू नकोस.

आणि कोट घालून ये. हा तिचा निरोप आहे. बाबांचा कोट तुला खांद्यात सैल होतो, हे ती आणि शिंपीणबाई दर बारा मार्चला एकमेकींना सांगत आल्यात. "अंगावर असतानाच दोन टाके घालते," म्हणाली. मी म्हटलं, तुला दिसणार कसं? ती माझ्याकडे लक्ष न देता सुई शोधत राहिली.

आज संध्याकाळी शिंपीणबाई स्वतः वर आली आणि राखाडी दोऱ्याचं रीळ ठेवून गेली. हे रीळ आईने तिच्याकडे सात वर्षांपूर्वीच बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. तोच रंग पुन्हा मिळेल न मिळेल म्हणून.

सुई ओवायला मात्र आईने माझ्याकडे दिली. मी ओवून, गाठ मारून, उशाशी टोचून ठेवली आहे.

ताई